नाथा मेंढरामागं गेला न्हाई

मपल्या भावाला जाऊन आता वरीस व्हायलंय. गावच्या ग्रुपवर लोकं लिहायलेत, मेंढरामागं जीव देनारा नाथा. खाली हात जोडलेले टाकायलेत. तुमचं मन चांगलं हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर नाथा मेंढरामागं गेला न्हाई. मी त्याची थोरली बहीन मनिषा, चौसाळ्याला दिलेली. मी बोलते तसंच लिहायले, तसंच वाचा.

आमी धनगराची मानसं. बापाचं नाव आश्रुबा, मायचं दगडाबाई. पाऊस सरला का मेंढरं घेऊन निघायचं, आज ह्याच्या वावरात, उद्या त्याच्या वावरात. नाथा असाच वडवणीकडं एका बांधावर झाला. कागदावर अजिनाथ, घरी नाथा. चालायला यायच्या आदी तो घोड्यावर बसला. एकीकडं कोंबड्या बांधलेल्या, एकीकडं भांडी, मधी नाथा. मी लगाम धरून म्होरं. मागं वळून बघितलं का तो कुटंतरी लांब डोंगराकडं बघत राह्यलेला. माय म्हनायची, ह्या पोराचे डोळे दुखत कसे न्हाईत.

पयला मोबाईल त्याला मपल्या नवऱ्यानं दिला, जुना, काच तडकलेला. त्यातनं तो मेंढराचे फोटू काढायला लागला. मेंढरू काय वर बघत न्हाई, त्याचं तोंड खालीच. तर नाथा जीब टाळूला लावून आवाज काढायचा, आमी पान्यावर न्यायच्या टायमाला काढतो तसला. समदी मेंढरं एकदम मान वर करायची. त्येवढ्यात ह्याचा फोटू झालेला. बाप बोंबलायचा, "आरं बे, पानी न्हाई तितं पान्याचा आवाज काढतूस, मेंढरं फसवतूस व्हय?"

बापाला त्याचं फोटूचं याड कदीच आवडलं न्हाई. "वाघरी लावायच्या सोडून ढगाचे फोटू काढायलंय," म्हनायचा. वाघर म्हंजे आमची जाळी, रातीला मेंढरं कोंडायची. नाथा म्हनायचा, "आबा, ढग पळून जातो, वाघर कुटं पळून जायलीय?" बाप काठी फेकून मारायचा, नाथा काठी झेलायचा आन परत नेऊन द्यायचा. माय हसून हसून खोकायची.

मग ते लांडग्याचं झालं. नाथा दऱ्याच्या तोंडाला ऊन कसं पडतंय ते बघत बसला, आन खालून लांडग्यानं कोकरू नेलं. बाप वरडला न्हाई. वरडला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी जेवताना खाली मान घालून म्हनला, "उद्यापास्नं मपल्या मेंढरामागं येऊ नगंस." नाथानं ताटातली भाकरी संपवली, हात धुतले, आन सकाळी उठून माझ्याकडं चौसाळ्याला आला. त्याच्यानंतर त्यानं मेंढरं राखली न्हाईत. हे समद्या भावकीला मालूम हाय. तरीबी आज तेच लिहायलेत का मेंढरामागं गेला.

बीडला सुग्रीव सर म्हनून हायेत, पोरांच्या शिकवन्या घेतेत. त्यांचा डोंगर चढायचा ग्रुप हाय. दर ऐतवारी कुटं ना कुटं जायचं. एकदा आमच्याकडच्या डोंगरात वाट चुकले. नाथा कामावरनं यायला होता, त्यानं उतरवून आनलं. उतरायच्या आदी म्हनला, थांबा, हितनं फोटू चांगला येतो. त्यांच्याच मोबाईलात काढून दिला. सरनं तो फोटू बघितला आन बघतच राह्यले. दुसऱ्या ऐतवारी सरचा फोन. मग सरनं सवताचा जुना कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला, म्हनले, "आजपासून तू आमचा फोटोग्राफर." नाथा लई खूश. कामाला गवंड्याच्या हाताखाली जायचा, ऐतवारी डोंगरात.

मायला ते काय कळंना. "टरेक म्हंजे काय रं?"

"डोंगर चढायचा आन उतरायचा."

"वर काय न्यायचं असतं?"

"काय न्हाई."

"मग खाली काय आनायचं असतं?"

"काय न्हाई, माय. फोटू."

"मग कावून चढतेत मेले? घरी तोंड न्हाई का फोटू काढायला?"

नाथा मला कॅमेऱ्यात दाखवायचा. मला आधी समदे डोंगर सारखेच दिसायचे. तो म्हनायचा, "आक्के, दुपारी फोटू काढू नये, दुपारी डोंगर झोपलेला असतो. सकाळी बघ, त्याच्या अंगावर आज्याच्या अंगावर असत्येत तसल्या सुरकुत्या दिसतेत." पोटावर पालथा पडून काढायचा, दगडाच्या फटीत घुसून काढायचा. अंगाला कुसळं घेऊन घरी यायचा, मी ती उपटत बसायचे आन तो दाखवत बसायचा. हे सर, ही योगिता, ह्यो ह्याचा मित्र, ह्यो त्याचा मित्र. मी इचारलं, "तू कुटं हायस ह्याच्यात?" तर म्हनला, "मीच काढायलोय तर मी कसा येईन? येडी हायस का."

ती योगिता सरच्या क्लासची पोरगी. राखीला ती मपल्या आदी त्याला राखी बांधून जायची. मला राग यायचा, खरं सांगते. पर पोरगी गोड बोलायची. एकदा समदा ग्रुप आमच्या वाड्यावर, म्हंजे धनगराच्या वस्तीवर आला, बाप तवा डोंगरापल्याड मेंढरं घेऊन होता. मायनं चुलीवर भाकरी थापल्या, ठेचा कुटला. सरला तिखट सोसंना, डोळ्यातनं पानी, तरी खायलेत. "दगडामाय, नाथा म्हंजे मपला धाकला भाऊ हाय," म्हनले. तितंच त्यांनी बिरोबाच्या जागंवरले दगड बघितले आन मायला इचारलं, हे काय. मायनं समदं सांगितलं. आमच्या भावकीत जो मानूस मेंढरं राखता राखता जातो, कोनी पुरात, कोनी लांडग्याशी झटताना, त्याचा दगड देवापशी बसतो. दगडावर मानूस आन मेंढरं कोरतेत. मेंढरं घेऊन निघताना पयला निवद त्या दगडाला. दुसरं कसंबी मेलं तर दगड न्हाई. सर मान हलवत ऐकायले होते, "वा, वा" करायले होते. आमच्या चुलीपशी बसून ऐकलं त्यांनी हे. हे ध्यानात ठेवा.

त्या ऐतवारी नाथा पहाटंच निघाला. मी उठलेलेच होते. म्हनला, "आक्के, आज घारकड्यावर जायचंय. नवा बॅनर केलाय सरनं, भला मोठा. वर धरून फोटू काढायचाय." मी म्हनलं च्या पिऊन जा. म्हनला, जीप खाली थांबलीय, सर हॉर्न वाजवायलेत. हॉर्न मी ह्या कानानं ऐकला.

दुपारी फोन आला का नाथा पडला. मी आन मालक बीडच्या दवाखान्यात पोचलो तवा त्याला चादर घातलेली होती. बाप भिताडाला टेकून बसला होता, टोपी मांडीवर. सर बापाच्या शेजारी जमिनीवर बसलेले, खांद्यावर हात. मी म्हनलं किती चांगला मानूस हाय, शिकलेला असून जमिनीवर बसला. पोलिसानं जबाब लिहून घेतला, बापानं अंगठा केला. मला त्या टायमाला काय सुचंना. मी आत जाऊन त्याचं तोंड बघत बसले. केसात कुसळं होती.

जबाबात काय हाय ते मला दहाव्याला कळालं. भावकीतला एक चुलता म्हनला, "पोरगं शेवटी मेंढरामागंच आलं, आश्रुबा, नाव राखलं बघ." मी म्हनलं, काय? तर जबाबात लिहिलेलं, अजिनाथ घारकड्यावर मेंढरं चारताना पाय घसरून पडला. डोंगरावर फिरायला आलेल्या काही लोकांनी त्याला बघितलं आन खाली आनलं.

फिरायला आलेले काही लोक! ज्यांनी पहाटं हॉर्न वाजवला ते.

आन मेंढरं कुटं होती त्या दिवशी? वडवणीच्या खाली एका पाटलाच्या वावरात बसवली होती. घारकडा कुटं, ते वावर कुटं. जे दहाव्याला बसले होते त्यातल्या निम्म्यांनी त्याच वावरात मेंढरं बघितलेली. कोनी तोंड उघडलं न्हाई.

मी बापाला घरामागं नेलं. "आबा, तुमी असं कावून सांगितलं?"

"सर म्हनले, तसं सांगा."

"सर म्हनले म्हनून?"

बापानं खाली बसून चपलंतला काटा काढला. मग म्हनला, "सर म्हनले, आबा, फोटू काढताना गेला म्हनलं तर लोकं हसतील. मेंढरामागं गेला म्हना, त्याचा दगड बसंल देवापशी." आन म्हनला, "मने, मी त्याला हाकलला होता. आता तो परत आला मेंढरात. तू मधी पडू नगंस."

मला तवा कळालं का सरनं चुलीपशी बसून काय नेलं आमच्याकडनं. डोंगरावर जायची जंगलखात्याची परवानगी घेतली नव्हती, हे मला मागून कळालं. क्लास बंद पडंल, केस व्हईल, म्हनून भ्याले. भ्याले तर भ्याले, मानूस भेतो. पर बापाच्या काळजात कुटं दुखतंय ते बरोबर बघून तितंच बोट ठेवलं. ह्याला मी दगा म्हनते.

आन त्याच्यावर आनखी. गावानं सत्कार ठेवला ग्रुपचा. मेंढपाळाला खांद्यावर उतरवून आनलं, मानुसकी दावली म्हनून. शाळंच्या पटांगनात मांडव, माईक. सरच्या डोक्याला फेटा कुनी बांधला मालूम हाय का? मपल्या बापानं. फेट्याचा शेव सुटत होता, सर वाकून उभे. सर माईकवर बोलले, "या भागातले मेंढपाळ आमचे भाऊच आहेत." भाऊ म्हनले, नाथा म्हनले न्हाई. मी बायकांत बसले होते. माय मपल्या मांडीवर हात ठेवून बसली होती, तिनं हात उचलू दिला न्हाई मला.

मी मग सरच्या क्लासवर बीडला गेले. पोरं बाहेर चपला घालायली होती. सरनं मला खुर्ची दिली, पानी दिलं. मी म्हनलं, "सर, एकच करा. नाथा आमच्यासंगं आलता, आमचे फोटू काढायला आलता, येवढं म्हना. मला केस करायची न्हाई, काय नको."

सर म्हनले, "ताई, तुमचं दुःख कळतं मला. पण तो त्या दिवशी आमच्यासोबत नव्हता. हवं तर फोटो बघा." आन मोबाईल मपल्या म्होरं धरला. एक एक फोटू बोटानं सरकवायले. जीपमधले, वाटंवरले, कड्यावरले. "बघा. आहे का कुठं? असता तर एखाद्यात तरी दिसला असता ना?"

ज्यानं समदे फोटू काढले त्यालाच म्हनायलेत फोटूत न्हाई म्हनून नव्हता. मी उठून आले. यष्टीत बसून रडले. शेजारच्या बाईनं केळ दिलं, ते तसंच हातात घेऊन आले.

नाथाचा मोबाईल पोलिसानं बापाला दिलता, बापानं माझ्याकडं फेकला होता. पोरीच्या चार्जरवर लावला तर चालू झाला. सरच्या ग्रुपमधी तो आजून होता, त्याला काढायचं राह्यलं होतं त्यांचं. त्या दिवशी सकाळी वरनं, रेंज होती तितनं, योगितानं एक फोटू ग्रुपवर टाकलेला. कॅमेऱ्यातला नव्हं, तिच्या मोबाईलातला. समदे ओळीनं उभे, योगिताबी त्यात, बॅनर धरलेला, डोळे उन्हानं बारीक, समदे हसायलेत. त्यांच्या तोंडावर ऊन, म्हंजे काढनाऱ्याच्या पाठीवर ऊन. आन खाली खडकावर सावली पडलेली, लांब, पार सरच्या बुटापर्यंत. एक पाय वर, दुसऱ्याच्या गुडघ्याला टेकवलेला. बगलंत काठी. दोनी हात तोंडापशी.

असं कोन उभं राहतं? मेंढका उभा राहतो. दिसभर मेंढरामागं उभा राहून पाय दुखतेत म्हनून काठी बगलंत घालून एका पायावर इसावा घ्यायचा. शिकवनीचा सर असा उभा राहत न्हाई, बीडचं कोनतं पोरगं असं उभं राहत न्हाई. नाथानं मेंढरं सोडली, पर पायाला लागलेली सवय सुटली नव्हती. मपल्या भावाचा तेवढाच एक फोटू हाय. सावलीचा.

मी सरला तो फोटू पाठवला. वर लिहिलं, सर हा कोन. सरनं बघितलं, निळ्या खुना दिसल्या. जबाब न्हाई. थोड्या येळानं नाथाचा नंबर ग्रुपमधनं निघाला. मग त्यांच्या ग्रुपच्या नेटवरल्या पानावर तोच फोटू आला, खालनं कापलेला. सरच्या गुडघ्यापास्नं वर. बॅनर हाय, तोंडं हायेत, खडक न्हाई, सावली न्हाई. मपल्या भावाला कापून टाकलं. एकदा पडला तो अपघात व्हता. हे मुद्दाम केलं.

योगिताला मी फोन लावत राह्यले. शेवटी यष्टी स्टँडवर भेटली, वढनी तोंडावर घेतलेली. मी काय बोलायच्या आदी ती रडायला लागली. तिनं सांगितलं काय झालं ते. मोबाईलातला फोटू झाला, मग मोठ्या कॅमेऱ्यातला काढायचा होता. बॅनरची कडा येत नव्हती. सर म्हनले, नाथा, नाव पूर्ण येऊ दे, अजून मागं सर. तो सरला. सर म्हनले, अजून थोडं. तो डोळ्याला कॅमेरा लावूनच सरला.

मी म्हनलं, "हेच ठाण्यात सांग, बाय. येवढंच."

"ताई, माझं लग्न जमलंय. डोंगरावर पोरांसोबत गेले होते हे घरी माहीत नाही."

"तू त्याला राखी बांधलीस."

ती म्हनली, "म्हणूनच तर तुम्हाला सांगितलं ना." आन गेवराईची गाडी लागली तर पळत जाऊन बसली. खिडकीतनं बघितलं बी न्हाई. तिला वाटलं मला एकटीला सांगितलं म्हंजे राखी फिटली.

राह्यला बाप. मी म्हनलं बाप तर आपला हाय. मागल्या महिन्यात वाड्यावर गेले. बाप वाघरीची तुटलेली जाळी विनत बसला होता. मी म्होरं बसले, मोबाईल दावला, सावलीवर बोट ठेवून मोठी केली. "आबा, बघा. वळखा."

बापाला चष्म्याबिगर दिसत न्हाई. चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला. मग त्याचा हात थांबला. मी म्हनलं आता बापाला कळालं.

"नाथा हाय ह्यो," बाप म्हनला.

"व्हय आबा."

"काठी बघ कशी धरलीय. मीच शिकवलं व्हतं, येवढासा व्हता, पडायचा." बाप हसायला लागला, डोळ्यातनं पानी गळायलं, तरी हसायला. "दगडे, इकडं ये, बघ तुझा लेक. म्हनलो नव्हतो मी? मेंढकाच व्हता. शेवटपोतर मेंढकाच व्हता."

माय आली, तिला दिसलं का न्हाई मालूम न्हाई, तिनं काचंवर हात फिरवला.

बाप म्हनला, "मने, ह्यो फोटू पाथरवटाला पाठव. तो म्हनायला होता मानूस कसा कोरू. आसाच कोर म्हनावं. एक पाय वर, काठी बगलंत. आन म्होरं मेंढरं."

मी म्हनलं, "आबा, म्होरं मेंढरं नव्हती. मानसं व्हती. ही बघा. ह्यो सर. त्यानं मागं सर म्हनलं, म्हनून नाथा सरला. योगितानं सांगितलंय मला."

"कोन मानसं?"

"आबा, फोटूत दिसायलेत की तुमाला."

बापानं चष्मा काढला. "तीच म्हनतेत आमी त्याच्यासंगं नव्हतो. ती पोरगी ठाण्यात बोलंना. भावकी म्हनती मेंढरं व्हती. पोलिसाच्या कागदावर मेंढरं हायेत. मग मानसं व्हती असं कोन म्हनतंय?"

"मी म्हनते," मी म्हनलं.

बाप मपल्याकडं बघत राह्यला. राग नव्हता तोंडावर. मी दारात आलेली कोन परकी बाई असावी तसं बघायला होता. मग परत जाळी हातात घेतली. मी पाथरवटाला फोटू पाठवला न्हाई. तर बापानं पाथरवटालाच वाड्यावर बोलावलं आन सवता एका पायावर उभा राहून दाखवलं, मायनं फोनवर सांगितलं.

दगड कोरून झालाय म्हनतेत. अमवाशेला बसवनार. समद्या भावकीला सांगावा गेलाय, बीडला सरलाबी गेलाय. चौसाळ्याला मला आजून आला न्हाई.